सहा आटे

परवा पंक्चरच्या दुकानात जुन्या ट्यूबचा वास आला आन् मला माजी डाक्टरकी आठवली. कर्जतकडच्या आमच्या गावात नळाला पानी मीच सोडायचो. पाइप फुटला की ट्यूबची पट्टी आवळून बांदायचो, म्हनून समदे मला डाक्टर म्हनायचे, आन् मी खुळा फुगायचो. वॉल तर पार शेवटापतुर उघडायचो. खालच्या आळीत पानी असं उसळायचं की बादली कलंडायची, आन् टेकावरल्या म्हातारीच्या नळातनं नुसती हवा यायची. ती हंडा घिऊन हिरीवर जायची आन् जाता-जाता मला शिव्या घालायची. एक दिवस तालुक्यावरनं इंजिनेर बाई आल्या. माज्या पट्ट्या बगून म्हनल्या, "काका, प्रेशर फार वाढलंय." मी म्हनलं, "माजं न्हाई, बायकूचं. गोळी चालू हाय." बाई हसून हसून खालीच बसल्या. मग म्हनल्या, "पाइपाचं म्हणते मी. त्यानंच फुटतोय. खालच्या आळीचा वॉल सहा आटे आवळा, पाणी वर चढेल." मला वाटलं, आवळल्यावर पानी कमीच हुनार, आज म्हातारी मला मारतीय. तरी आवळला. पट्ट्यांतनं गळायचं थांबलं, आन् टेकावनं म्हातारी वरडली, "आरं मुडद्या, आलं की रं पानी!" त्याच पान्याचा पयला चहा तिनं मला पाजला. आता पट्टी क्वचितच लागती. डाक्टरकी बुडाली माजी, पर त्या बाईंचं लई भलं हुवो. म्हातारी अजून चहाला बोलावती, आन् अजून मुडद्याच म्हनती.