शेवटी घालणार कोण?

उदगीरच्या आमच्या कारखान्यात गोळी अडवणारी जाकिटं शिवत. परदेशी धाडायच्या मालाचे कागद एक काका करत. फॉर्म भरताना ते जाकीट अंगात घालून बसत, भर मे महिन्यातही. "वजन कळलं की सही जपून होते," म्हणत.

त्या दुष्काळी साली, उदगीर जिल्हा व्हावा म्हणून मी पत्रकं वाटत असताना, मोठी ऑर्डर आली. ती गेली नाही तर शिवणाऱ्या बाया घरी बसणार होत्या. पण जाकिटं शेवटी कोण वापरणार, या दाखल्यावर वापरणाऱ्याची सही हवी होती; ती मधल्या व्यापाऱ्याचीच होती. काकांनी माल अडवला.

मी भडकलो. "कागदापायी बायांची भाकर अडवता?"

"बाबू, पत्रकाखाली तू नाव का टाकतोस?"

"जबाबदार कोण ते कळावं म्हणून," मी म्हणालो. काका स्वतः शिवणखात्यात गेले. "जाकिटं कुणाच्या अंगावर जाणार, ठाव न्हाई. म्हणून मी अडवलंय. शिव्या मला द्या."

एक बाई म्हणाली, "तुमच्या दारात टँकर येतो वाटतं?"

"न्हाई. रांगेत तुमच्या मागंच असतो की."

कुणी हसलं नाही. ते टेबलाशी परतले, खऱ्या वापरणाऱ्याची सही मागणारं तिसरं पत्र व्यापाऱ्याला लिहू लागले. मी शेजारी खुर्ची ओढली आणि इंग्रजी मजकूर सांगू लागलो.