ताईंनी पूर्ववत केलेली स्क्रीन

पाणीपुरवठा केंद्राच्या नियंत्रण कक्षात ताईंची हयात गेली, आणि त्यातली निम्मी साहेबांची घाण निस्तरण्यात. साहेब पंपांच्या नोंदी वाचायला कुणाच्याही मशीनवर बसायचे. पानापानाने नोंदी दाखवणारा तो प्रोग्रॅम उघडला की अख्खी स्क्रीन ताब्यात घेतो, टाइप केलेलं उमटू देत नाही. ‘क्यू’ दाबून बाहेर पडलं की सगळं होतं तसं करून जातो. एक बटण, पण तेवढंही साहेबांच्या जिवावर यायचं. वाचता वाचता उठून ते केबिनमध्ये जायचे आणि तिथूनच प्रोग्रॅम मारून टाकायचे. मग त्याला आवरायला सवड कुठली? मागे अर्धंमुर्धं पान तसंच, आणि दाबलेलं अक्षर मशीनला पोचायचं पण दिसायचं नाही. संडासात पाणी न टाकता निघून जाणाऱ्याची यावी तशी ताईंना साहेबांची किळस यायची. तरी नाक मुरडत त्या न दिसणाऱ्या अक्षरांत ‘रीसेट’ टाइप करून स्क्रीन पूर्ववत करायच्या.

त्या दुपारी ताई जेवून आल्या, तर शेजारचे कंत्राटी ऑपरेटर, तात्या, पांढरेफटक पडले होते. झडप एक टप्पा उघडायचा हुकूम त्यांनी टाइप केला, स्क्रीनवर काहीच उमटलं नाही, म्हणून पुन्हा केला, आणि पुन्हा. झडप सताड उघडली आणि तळघरातल्या मोटारी पाण्याखाली गेल्या. हे ऐकता ऐकता ताईंच्या बोटांनी तात्यांच्या मशीनवर सवयीने ‘रीसेट’ टाइप केलंसुद्धा. स्क्रीन लख्ख झाली.

तेवढ्यात साहेब आले. स्क्रीन बिघडली होती, असं तात्या काकुळतीने सांगू लागले. साहेबांनी एक ओळ टाइप केली. अक्षर न् अक्षर उमटलं.

“कुठे बिघडलीय?”

“तुम्हीच बिघडवून गेला होतात. मी आत्ता नीट केली,” ताई म्हणाल्या.

“मग दाखवा ना.”

असं होऊ शकतं हे ताईंना दाखवता आलं असतं. झालं होतं हे नाही. ते त्यांनी स्वतःच पुसून टाकलं होतं.

संध्याकाळी तात्यांचं कंत्राट संपवलं. डबा पिशवीत घालताना ते एवढंच म्हणाले, “राहू द्या ताई, तुम्ही चांगल्यासाठीच केलंत.”

ते गेल्यावर साहेब ताईंच्या टेबलाशी थांबले. “तुमच्यासारखं आवरून ठेवणारं माणूस आहे, म्हणून माझं इथे निभतंय.”

ते अगदी खरं बोलत होते. तीच किळस ताईंना आता स्वतःची आली.