खडखड थांबवण्याचा दिवस

छापखान्यातल्या लोकांनी त्याचं नाव 'दोनदा' ठेवलं होतं, आणि ते त्याने स्वतःच्या कर्तृत्वाने कमावलं होतं. छापायच्या आधी मजकुरातल्या चुका काढायची त्याची नोकरी. प्रत्येक पान तो दोनदा वाचायचा. घराचं कुलूप दोनदा ओढून बघायचा, गॅस बंद केला की नाही हे पाहायला अर्ध्या जिन्यातून परत यायचा. लग्नाला होकारही त्याने दोनदा दिला, असं त्याची बायको सांगायची आणि वर म्हणायची, "पहिला मला ऐकू आला होता हो!"

आता छापखाना सुटला होता, आणि काळजी करायला त्याला घरातच भरपूर मिळालं होतं. बायकोच्या दोन्ही किडन्यांनी काम थांबवलं होतं. एक दिवसाआड तिला डायलिसिसला न्यायचं, तिकडे चार तास बाहेरच्या बाकावर बसायचं आणि परत आणायचं. गाडी जुनी. टॅक्सी एकदा करून बघितली होती, पण त्या ड्रायव्हरने असे काही ब्रेक मारले की ती दारात उतरताच ओकली. तेव्हापासून सारथी स्वतः दोनदा.

तर या गाडीला पुढून खडखड लागली. रस्त्यात खड्डा आला की खालून दाणकन आवाज यायचा आणि शेजारी बायकोचे डोळे मिटायचे, ओठ घट्ट व्हायचे. विचारलं की म्हणायची, "काही नाही." दोनदाला तिचं 'काही नाही' चांगलं ठाऊक होतं. एके दिवशी तो टॉर्च घेऊन गाडीखाली डोकावला. चाकाला गाडीच्या सांगाड्याशी जोडणारा एक लोखंडी हात असतो, लोअर आर्म म्हणतात त्याला. त्याच्या टोकांना रबराचे बुश असतात, धक्के गिळायला. ते पार फाटून लोंबत होते. दोनदाला एकदम उलगडा झाला. हिला दुखतंय ते यामुळे. हे बदललं की हिचं दुखणं थांबेल.

गॅरेजवाला म्हणाला, पुढच्या आठवड्यात आणा. याच गॅरेजवाल्याने मागे बॉनेटखाली स्वतःचा पाना सोडला होता आणि तो परत मागायला येण्याची हिंमतही केली होती! दोनदाने बुश विकत आणले आणि ठरवलं, आपणच करायचं. हाताशी दिवस एकच होता, दोन डायलिसिसच्या मधला. दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी चाकांवर उभी असायलाच हवी होती.

सकाळी उजाडताच त्याने जॅक लावला, गाडी स्टँडवर टेकवली, हलवून पाहिली. पुन्हा हलवून पाहिली. चाकं उतरली. इथवर सगळं सुरळीत. मग आर्मचा बोल्ट अडून बसला. गंजून एकजीव झालेला. तेल सोडलं, हातोडीने ठोकलं, पान्याला पाइप लावून लोंबकळला. बोल्ट ढिम्म. तुटला तर? तुटला तर उद्या काय?

इतक्यात मेव्हण्याचा फोन. "भावजी, ताई सांगत होती गाडी उघडलीत म्हणून. अहो, सायकलचं पंक्चर काढायला तुम्हाला अख्खा रविवार लागला होता!"

"ठेव फोन," दोनदा म्हणाला. रागाच्या भरात त्याने जो हिसका दिला, त्याने बोल्ट फिरला. मेव्हण्याचा आयुष्यात पहिल्यांदा काही उपयोग झाला, पण ते त्याला कोणी सांगितलं नाही.

जुने बुश काढताना नाकी नऊ आले. लांब बोल्ट, जाड वॉशर आणि पाइपचा तुकडा अशी त्याने घरगुती जोडणी केली आणि एकेक बुश रेटत बाहेर काढला. नवे साबणाच्या पाण्यात बुडवून तसेच रेटत आत बसवले. बोटं सोलली. जेवायचं राहिलं. बायको मध्ये दोन वेळा दारात येऊन बघून गेली. दुपार कलल्यावर शेवटचा नट आवळून, चाकं लावून त्याने गाडी खाली घेतली, तेव्हा कुठे त्याच्या जिवात जीव आला.

हात धुताना त्याच्या मनात पाल चुकचुकली. छापखान्यात असताना त्याने गाडीदुरुस्तीचं एक अख्खं पुस्तक तपासलं होतं, अर्थातच दोनदा. त्यात म्हटलं होतं की बुशचे नट गाडीचं वजन चाकांवर आल्याशिवाय पक्के आवळू नयेत. हवेत आवळले तर गाडी खाली येताच रबर पिळलं जातं आणि लवकरच फाटतं. हे वाक्य त्याच्या नजरेखालून गेलं होतं. चूक नव्हती म्हणून त्याने ते पुढे सोडलं होतं. अक्षर न् अक्षर वाचणारा हा माणूस, वाक्य काय म्हणतंय ते त्याने तेव्हाही वाचलं नव्हतं!

म्हणजे पुन्हा पहिल्यापासून. यावेळी चाकं न काढता, चाकांखाली जाड फळ्या रचून, वजन चाकांवर असलेल्या गाडीखाली सरपटत जायचं होतं. त्याने तयारी केली, आडवा झाला, खांद्यापर्यंत आत गेला.

"बाहेर या आधी!" बायको ओरडली. गेल्या कित्येक महिन्यांत तिचा इतका मोठा आवाज त्याने ऐकला नव्हता. "वेड लागलंय का तुम्हाला? गाडी अंगावर आली तर? मला कोण नेणार मग उद्या?"

"हँडब्रेक आहे. मागे दगड लावलेत."

"दोनदा बघितलंत?"

"तीनदा."

ती गेली नाही. खुर्ची ओढून चाकाशेजारी बसली आणि अंधारून येईपर्यंत टॉर्च धरून राहिली. दोनदाने सगळे नट सैल केले, मग वजनावर पुन्हा आवळले. तो बाहेर आला तेव्हा तिचा चेहरा पांढरा पडला होता. आपल्या काळजीने ही दमली, असं त्याला वाटलं.

सकाळी तो बायकोला शेजारी घेऊन स्टिअरिंगवर बसला. रेडिओ बंद, काचा वर, कान खाली गाडीच्या पोटाशी. कोपऱ्यावरचा खड्डा आला. गाडी गपकन खाली गेली आणि वर आली. आवाज नाही! नुसता मऊ धक्का. दोनदाने हसून शेजारी पाहिलं.

तिचे डोळे मिटलेले होते. ओठ घट्ट.

पुढचा खड्डा त्याने मुद्दाम अगदी हळू घेतला. तेच.

"दुखलं?"

"किती छान झालीय हो गाडी."

"मी गाडीचं विचारत नाहीये."

"हाडं दुखतात. घरी पलंगावर पडल्या पडल्यासुद्धा दुखतात. डॉक्टर मागेच म्हणाले होते, या आजारात होतं असं."

"मग मला सांगायचं नाही का?"

"काय सांगणार होते? आवाजामुळे दुखतंय, असं तुम्हीच ठरवून टाकलं होतंत. आणि बुश घेऊन आलात त्या दिवशी किती दिवसांनी पोटभर जेवलात. म्हटलं, करू देत."

कुठला नट आवळायचा हे दोनदाला कळेना. एवढे दिवस त्याला काळजी वाटत होती, आणि काळजीची त्याला सवय होती. आता भीती वाटली. मागून कोणीतरी हॉर्न वाजवला. त्याने गाडी कडेला घेतली आणि मागच्याला पुढे जाऊ दिलं.

"बोला ना काहीतरी," ती म्हणाली. "खडखडीत इतके दिवस बोलताच यायचं नाही."

दोनदा म्हणाला, "मला भीती वाटते गं."

"मलाही," ती म्हणाली, आणि त्याच्या सोललेल्या बोटांवर हात ठेवला. "चला आता. उशीर होईल."