दस्तगीरचा डबा

लोणावळ्याच्या यार्डाच्या टोकाला, करवंदीच्या जाळीला लागून, मोडीत निघालेली एक ब्रेकव्हॅन बिनचाकांची पडून होती. मालगाडीच्या शेपटाला जोडायचा हा डबा. घाट उतरताना ब्रेकवाल्यानं आत उभं राहून लोखंडी चाक फिरवायचं आणि गाडी आवरायची. दस्तगीर तरुणपणी याच डब्यातून घाट उतरायचा. पुढं मालगाडीच्या दोन वाघिणींच्या मध्ये त्याचा उजवा हात सापडला आणि कोपरापासून कापावा लागला. काम गेलं, त्याबरोबर राहायची खोलीही गेली. तेव्हाच्या यार्डमास्तराला दया आली. म्हणाला, "त्या मोडक्या डब्यात राहा."

कमरजहाँनं त्या डब्याचा संसार केला. फटींत चिंध्या कोंबून वरून चिखल लिंपला, दाराशी पत्र्याच्या आडोशाला चूल मांडली, ब्रेकच्या चाकावर ओली लुगडी वाळत घातली. दोन्ही पोरी तिथंच जन्मल्या. ती गवत कापून विकायची आणि घर चालायचं.

एका पावसाळ्यात नवा गोरा साहेब यार्ड बघायला आला. बाजारात बैल पारखावा तशी त्यानं डब्याच्या फळ्यांवर छडी वाजवली. बरोबर कारकून दिगंबर होता. कमरजहाँच्या हातचा चहा त्यानं कितीदा तरी घेतला होता.

"साहेबांना हा डबा फार आवडलाय," दिगंबर म्हणाला. "घाटातली जुनी आठवण म्हणून जपायचाय. चाकं बसवून, रंग देऊन स्टेशनच्या बागेत उभा करणार. परवापर्यंत रिकामा करा."

"अन् पोरींना कुटं झोपवू?" कमरजहाँनं विचारलं.

दिगंबरनं तिच्याकडं पाहिलंच नाही. तो दस्तगीरला म्हणाला, "डबा राखायला माणूस लागेलच. तुमच्याशिवाय कोण आहे?"

दस्तगीर हरखून गेला. साहेब वळायच्या आत त्यानं गाठोडं बांधायला घेतलं.

"भर पावसात निघायचं?" कमरजहाँ म्हणाली. "भादवा सरंपर्यंत तरी ऱ्हाऊ द्या म्हनावं."

"माज्या डब्याला रंग देनार हायेत, अन् तू रडतीस?" तो खेकसला. "आपन कुनी भिकारी न्हाई. साहेबाचा मानूस हाय मी आता."

जाळीपलीकडं तरटाचं खोपट उभं राहिलं. तीन बाजूंनी पाणी आत यायचं. धाकटीला खोकला धरला. दस्तगीर मात्र रोज बागेच्या कुंपणाशी जाऊन उभा राहायचा, सुतारांना डाव्या हातानं हे दाखव, ते दाखव करायचा. सुतार हसायचे. त्यांचं हसणं त्याला कौतुकाचं वाटायचं. कमरजहाँला वाटत नव्हतं.

डबा बघायला साहेबाचे पाहुणे यायच्या दिवशी त्यानं नोकरीतला जुना काळा कोट घातला. रिकामी बाही कमरजहाँनं खिशात खोचून दिली. डबा तांबड्या रंगानं झळकत होता. फोटोवाल्यानं कॅमेऱ्याचं तिकाटणं मांडलं. दस्तगीर पायरी चढून ब्रेकच्या चाकापाशी उभा राहिला. साहेबानं त्याच्याकडं बघून दिगंबरला दोन शब्द सुनावले.

दिगंबर लगबगीनं आला. "दस्तगीर, खाली उतर. थोटा माणूस फोटोत नको म्हणतात. आणि कोट दे. गेणूला घालायचाय."

गेणू हमाल होता, दोन्ही हातांनी धडधाकट. घाटातून तो कधी गेलाच नव्हता.

दस्तगीर गर्दीसमोर उभा राहिला. त्याला एका हातानं बटणं सुटेनात. शेवटी कमरजहाँ पुढं झाली आणि नवऱ्याच्या अंगावरचा कोट तिनंच उतरवला. कुणीतरी फिदीफिदी हसलं. पाऊस पुन्हा लागला होता. फाटक्या सदऱ्यावर दस्तगीर खोपटाकडं चालत गेला.

त्याच ओल्या अंगानं त्याला ताप भरला. तापात तो एकच विचारायचा, "बोलावनं आलं का?" पहिल्यांदा कमरजहाँ "न्हाई" म्हणाली. नंतर "येतंय" म्हणू लागली. बोलावणं आलं नाही. अमावास्येच्या आधी तो गेला.

दफन झाल्यावर तिनं दिगंबरला गाठलं. "कोट तेवढा द्या. थोरलीच्या अंगावर घालीन."

"कोट आत खुंटीला टांगलाय," दिगंबर म्हणाला. "जुनी वस्तू म्हणून शोभतो. साहेब काढू देणार नाहीत." एवढं बोलून तो फाटक लावून आत गेला.

आंबी गावाहून तिचा भाऊ बद्रुद्दीन न्यायला आला, पण भावजयीचं तोंड आठवून ती गेली नाही. त्याच खोपटात राहिली. तो साहेब बदलून गेला. पुढं लढाई सुरू झाली, लष्कराचं सामान ठेवायला बागेची जागा हवी झाली, आणि नव्या साहेबानं डबा फोडायला सांगितला. लोखंड वाघिणीत भरून गेलं. कोट आधीच कसरीनं खाल्ला होता, तो कुणीतरी उकिरड्यावर टाकला. फळ्यांचे तुकडे बायकांनी सरपणाला न्यावेत असं मुकादम म्हणाला.

कमरजहाँही रेटारेटी करून भारा घेऊन आली. जुनं सागवान लवकर पेटेना. रंगाचा काळा धूर खोपटात कोंडला, भाकरीला त्याचा वास लागला. पोरी नाक मुरडू लागल्या.

"गपगुमान खावा," ती म्हणाली, आणि दुसरी फळी चुलीत सारली.