यांच्या आवाजाच्या फायली

यांच्या घशाच्या कॅन्सरचं ऑपरेशन ठरलं त्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी मला एकटीला आत बोलावलं. म्हणाल्या, "मिस्टरांचं स्वरयंत्र पूर्ण काढावं लागेल. गळ्याला भोक राहील, श्वास तिथूनच. बोलता येणार नाही. तुमच्या हातात चार दिवस आहेत. जे रेकॉर्ड करून ठेवावंसं वाटतं ते करून घ्या. पुष्कळ जण करत नाहीत आणि नंतर हळहळतात."

माझ्या नवऱ्याने सातपूरच्या एका कारखान्यात लेथवर सत्तावीस वर्षं काढली. मशीनच्या घरघरीवर बोलायची सवय, त्यामुळे घरातही यांचा आवाज वरचाच असायचा. जिन्याच्या पहिल्या पायरीवरून "दार उघड गं" म्हणाले की तिसऱ्या मजल्यावर मला ऐकू यायचं आणि शेजारचीही दार उघडायची. कॉलनीतल्या विहारात रविवारी त्रिसरण-पंचशील हेच सांगायचे, बाकीचे यांच्या मागून म्हणायचे. तंबाखूही याच तोंडात होती. ती सोडा म्हणून मी वीस वर्षं भांडले आणि हरले.

चार दिवस आम्ही स्वयंपाकघरात पंखा बंद करून बसलो. मी यांचा मोबाइल समोर धरायचे आणि हे बोलायचे. सुरुवातीला लाजले. "काय बोलू? तूच सांग," म्हणाले. मी म्हटलं, "रोजचं बोला." मग पंचशील म्हटलं. पेपरमधली हवामानाची बातमी वाचली. पुण्यात शिकणाऱ्या मुलीसाठी "पोचलीस का? जेवलीस का?" असं दोन-तीन प्रकारे म्हणून ठेवलं. आमटी खारट झाली म्हणून मला बोलायचे तेही म्हटलं, आणि ते म्हणताना दोघांनाही हसू आलं. एका फायलीत नुसती माझ्या नावाने हाक आहे. सगळ्या मिळून त्रेचाळीस फायली झाल्या. त्या कसल्या आहेत हे मला आज आठवून सांगावं लागतं, कारण सगळ्या मी ऐकल्याच नव्हत्या. पाच-सहाच ऐकल्या. बाकीच्या पुढे लागतील म्हणून राखून ठेवल्या होत्या.

ऑपरेशननंतर यांना लिहून बोलायला मोठ्या स्क्रीनचा फोन हवा होता. यांचा जुना फोन एक्स्चेंजमध्ये दिला. देण्याआधी फायली मी कॉम्प्युटरवर घेतल्या आणि एका बाहेरच्या हार्ड डिस्कवरही टाकल्या. दोन ठिकाणी आहेत म्हणजे पक्कं झालं, असं मला वाटलं. मुलगी फोनवर म्हणाली होती, "आई, ऑनलाइनपण एक कॉपी ठेव. मी दाखवते कसं ते." मी म्हटलं, तू दिवाळीला आलीस की करू. फोनवर लिहिणं यांना जमलं नाही. जाड बोटांनी भलतीच अक्षरं दाबली जायची. शेवटी मुलीची शाळेतली पाटी माळ्यावरून काढली आणि हे त्यावर खडूने लिहायला लागले.

मी घरी बसून क्लासवाल्यांच्या प्रश्नपत्रिका टाइप करून देते. दिवाळीच्या आधीच एका सोमवारी एका सरांनी जुन्या फाँटमधला पेपर पाठवला. माझ्याकडे उघडल्यावर सगळी अक्षरं तुटलेली दिसत होती. सरांना संध्याकाळपर्यंत हवा होता. जुना फाँट बदलून देणारा प्रोग्रॅम मी इंटरनेटवर शोधला. एका ठिकाणी तो फुकट होता. खाली लिहिलं होतं की इंस्टॉल करताना अँटीव्हायरस अडवेल, तेवढ्यापुरता बंद करा. त्याने अडवलंच. लाल खिडकी आली. मी ती बंद केली आणि अँटीव्हायरसही बंद केला. त्या वेळी मला भीती वाटली नाही, घाई वाटली.

हार्ड डिस्क पंधरा दिवसांपासून कॉम्प्युटरला जोडलेलीच होती. काढायचा कंटाळा केला होता.

प्रोग्रॅम चाललाच नाही. मी जेवायला उठले, भांडी घासली आणि परत येऊन बसले, तर स्क्रीनवरची सगळी चित्रं पांढरी झाली होती. प्रत्येक फायलीच्या नावाला मागे कसलीतरी इंग्रजी अक्षरं चिकटली होती. मध्ये एक नवीन फाइल होती, ती उघडली. तुमच्या सगळ्या फायलींना कुलूप लावलं आहे, तीन दिवसांत अमुक इतके पैसे डिजिटल चलनात भरा, मग किल्ली देऊ, असं इंग्रजीत लिहिलं होतं. मी आधी यांच्या फोल्डरमध्ये गेले. त्रेचाळीस नावं तिथे होती, एकही उघडेना. मग हार्ड डिस्क उघडली. तिथेही तसंच.

नाशिक रोडला कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान चालवणाऱ्या एक ताई आहेत. आमचा कॉम्प्युटर त्यांच्याकडूनच घेतलेला. त्यांना फोन लावला. माझं सगळं ऐकून न घेताच त्या म्हणाल्या, "आधी इंटरनेटची वायर काढा. काढली?"

"काढली."

"पेन ड्राइव्ह, हार्ड डिस्क काही लावलेलं आहे?"

मी हार्ड डिस्कच्या वायरकडे बघितलं.

"असेल तर आत्ता काढा. आणि काही डिलीट करू नका, ती पैशांची चिठ्ठीसुद्धा नाही. तिचा फोटो काढा आणि मशीन घेऊन या."

हे तेव्हा विहाराच्या बागेत बसायला गेले होते. मी यांना काही न कळवता रिक्षा केली. मांडीवर कॉम्प्युटर, पिशवीत हार्ड डिस्क. एखाद्या आजारी माणसाला नेतोय तसं मी खड्डा आला की दोन्ही हातांनी तो उचलून धरत होते.

ताईंनी चिठ्ठी वाचली. एक कुलूप लागलेली फाइल घेऊन आपल्या कॉम्प्युटरवर बराच वेळ काहीतरी शोधत राहिल्या. मग चष्मा काढला.

"हा व्हायरस मी काढून देईन. तासाभराचं काम आहे. पण वहिनी, व्हायरस काढला म्हणजे फायली उघडतील असं नसतं. चोर घराबाहेर काढला तरी त्याने लावलेलं कुलूप तसंच राहतं. काही जुन्या प्रकारांच्या किल्ल्या फुकट मिळतात. याची अजून कुणाकडे नाही."

"पैसे भरले तर?"

"माझ्या ओळखीतल्या दोघांनी भरले होते. एकाच्या निम्म्या फायली उघडल्या. दुसऱ्याला उत्तरच आलं नाही. मी भरा म्हणणार नाही. चोराच्या शब्दावर काय सांगू तुम्हाला?" थोडं थांबून त्यांनी विचारलं, "कसल्या फायली आहेत? कामाच्या?"

मी सांगितलं. त्या उठल्या, मला पाणी दिलं आणि दुकानाचं शटर अर्धं खाली ओढलं. मी रडून होईपर्यंत दुसरं गिऱ्हाईक आत घेतलं नाही.

त्यांच्याच सांगण्यावरून मी सायबर पोलिसांकडे तक्रार दिली. लिहून घेणारे हवालदार चांगले होते. "गेलेल्या वस्तू?" त्यांनी विचारलं. "आवाजाच्या फायली," मी म्हटलं. "कुणाचा आवाज?" "माझ्या मिस्टरांचा." त्यांनी पेन थांबवलं. "कधी वारले?" मी म्हटलं, "घरी आहेत." त्यांनी मान खाली घालून लिहिलं.

घरी आले तेव्हा हे आले होते. टेबलावरची रिकामी जागा त्यांनी पाहिली होती. मी चप्पलही न काढता सगळं सांगितलं. फाँटचा प्रोग्रॅम, लाल खिडकी, मी स्वतः बंद केलेला अँटीव्हायरस, न काढलेली हार्ड डिस्क. यांनी पाटीवर लिहिलं, "कोणत्या गेल्या?"

"सगळ्या."

हे ती पाटी पुसत राहिले. पुसून झाली तरी पुसत होते. मग लिहिलं, "मुद्दाम केलंस का?"

"नाही हो."

यांनी ते पुसलं आणि गॅलरीत गेले. मी कुकर लावला. वरण-भात झाला, वाढला, दोघं जेवलो. जेवण झाल्यावर पाटी पुन्हा माझ्याकडे सरकवली. त्यावर लिहिलं होतं, "माझा आवाज जाड होता का बारीक?"

मला वाटलं होतं, आवाज फक्त मी विसरेन. यांनाही तो आतून ऐकू येईनासा होत होता, हे मला माहीत नव्हतं. मी म्हटलं, "जाड होता. वरचा होता." आणखी काही सांगायला गेले तर शब्द सापडेनात. ज्या आवाजाबरोबर सव्वीस वर्षं संसार केला, तो कसा होता हे मला दोन शब्दांपलीकडे सांगता आलं नाही.

मुलीला दुसऱ्या दिवशी सांगितलं. ती आधी चिडली. "मी सांगितलं होतं ना आई, ऑनलाइन ठेव म्हणून." मी म्हटलं, "सांगितलं होतंस." मग हळूच म्हणाली, "मी 'जेवलीस का'ची फाइल तुझ्याकडून मागून घेणार होते. म्हटलं, घाई काय आहे."

ताईंनी आठवड्याने कॉम्प्युटर परत दिला. कुलूप लागलेल्या सगळ्या फायली त्यांनी एका वेगळ्या डिस्कवर जशाच्या तशा उतरवल्या. "टाकून देऊ नका. कधीकधी वर्षा-दोन वर्षांनी ही माणसं पकडली जातात आणि किल्ल्या बाहेर येतात. आशा लावून बसू नका, पण जपून ठेवा." मूळ मशीन पूर्ण पुसून विंडोज नव्याने टाकलं होतं. माझे सगळे पासवर्ड त्यांनी त्यांच्या कॉम्प्युटरवरून बदलायला लावले. नेहमीच्या कामासाठी मला साधं खातं करून दिलं, ज्यातून पासवर्ड टाकल्याशिवाय नवीन काही इंस्टॉलच होत नाही. अपडेट आलं की पुढे ढकलायचं नाही, आणि अँटीव्हायरस बंद करा असं कुणी लिहिलं असेल तर तिथूनच मागे फिरायचं, हे त्यांनी मला दोनदा म्हणून दाखवायला लावलं. "कॉपी तीन ठेवायच्या. एक मशीनमध्ये, एक ऑनलाइन आणि एक डिस्कवर. डिस्क कॉपी करण्यापुरती जोडायची, मग काढून कपाटात. जोडलेली डिस्क म्हणजे कॉपी नव्हे, वहिनी." त्यांच्या बोलण्यात टोमणा नव्हता, तरी मी खाली बघत राहिले. सगळं समजत होतं. तीन ठिकाणी ठेवण्यासारखं आता माझ्याकडे काय होतं ते मात्र मला समजत नव्हतं.

मग मी नातेवाइकांना फोन करायला लागले. कुणाकडे यांचा एखादा व्हॉइस मेसेज, लग्नातला व्हिडिओ, काहीही असेल का? नात्यातल्या लग्नांच्या व्हिडिओंत गाणीच होती, हे लांबून हात जोडताना दिसायचे. यांच्या भावाने फोन बदलला होता. कारखान्यातल्या एकाने जुने मेसेज महिन्यापूर्वीच उडवले होते. फक्त मनमाडच्या माझ्या नणंदेने संध्याकाळी उलट फोन केला.

"वहिनी, दादाचा एक आहे. छोटासाच आहे. पाठवू का?"

"नको," मी म्हटलं. "त्याला हात लावू नका. मी येते."

मेसेज एका क्षणात पुढे पाठवता येतो, हे मला कळत होतं. पण कुणीतरी बटण दाबणार आणि भलतंच काही होणार, ही भीती माझ्या अंगात शिरली होती. सकाळच्या गाडीने मी मनमाडला गेले. नणंदेने चहा टाकला आणि फोन माझ्या हातात दिला. अकरा सेकंदांचा मेसेज होता.

"अगं, गाडी अजून लासलगावलाच उभी आहे. दाजींना म्हणावं, स्टेशनवर येऊ नका. मी रिक्षाने येतो."

"दाजींना"च्या आधी यांना खोकला येतो. कोरडा, दोनदा. मेसेज ऑपरेशनच्या वर्षभर आधीचा होता. हा खोकला तेव्हा घरी मी रोज ऐकत होते आणि धूळ असेल म्हणत होते. नणंदेलाही तो ऐकू आला. ती म्हणाली, "वहिनी, तेव्हाच दाखवायला हवं होतं का?" आम्ही दोघी चहा निवेपर्यंत बसून राहिलो.

तो मेसेज मी माझ्या फोनवर घेतला आणि घरी येऊन ताईंनी सांगितलं होतं तसा तीन ठिकाणी ठेवला. मग यांना हेडफोन लावून दिला. यांनी डोळे मिटून ऐकला, एकदाच. पाटीवर लिहिलं, "त्या दिवशी गाडी दीड तास थांबली होती." आणि खाली, "हा मी वाटत नाही." त्यानंतर तो पुन्हा ऐकायला कधी मागितला नाही.

अन्ननलिकेतून हवा ढकलून बोलायला शिकवतात, तिथे हे चार वेळा जाऊन आले. "पाणी" असा एक शब्द जमला होता. पाचव्या वेळी गेले नाहीत. मीही आग्रह केला नाही. विहारात आता दुसरे गृहस्थ पंचशील सांगतात आणि हे मागच्या रांगेत ओठ हलवतात.

दर दोन-तीन महिन्यांनी मी ताईंना फोन करून विचारते, किल्ली आली का. त्या शोधून बघतात आणि नाही म्हणतात. या गोष्टीला आता दोन वर्षं होऊन गेली.

एक मात्र कुणाला सांगितलेलं नाही. तो अकरा सेकंदांचा मेसेज मी फार वेळा ऐकला. पूर्वी डोळे मिटले की यांच्या आवाजातलं काहीबाही आठवायचं, माझ्या नावाची हाक, आमटीवरून बोलणं, मुलीची चौकशी. आता आठवायला गेले की त्या आवाजात फक्त लासलगावला उभी असलेली गाडी येते. माझ्या नावाची हाक त्या आवाजात घालून बघते, पण ती बसत नाही.