ओळख काढू नका

"ओळख काढू नका, मॅडम." आमचे जजसाहेब दौंडच्या कोर्टात रुजू झाले, त्या दिवशी त्यांनी मला, म्हणजे त्यांच्या स्टेनोला, हे ऐकवलं. मी फक्त विचारलं होतं, "साहेब, गाव कुठलं?" आता तुम्हीच सांगा, गाव, आडनाव, पाहुणेरावळे विचारल्याशिवाय आपल्याकडे कुणाला चहा तरी गोड लागतो का? मला भारी राग आला होता.

साहेब फौजदारी खटले चालवायचे. उद्या ओळखीचाच कुणी आरोपी म्हणून समोर यायला नको, म्हणून कुणाच्या लग्नाला जाणं नाही, जत्रा नाही, टपरीवरचा चहा नाही. आधी शिरूरच्या कोर्टात होते, तिथंही असेच राहिले म्हणे. डबासुद्धा चेंबरचं दार लावून खायचे.

"साहेब, आरोपी बरे, त्यांना जामीन तरी मिळतो," मी एकदा बोलून गेले.

"आमचा अर्ज चालवायला जज कुठून आणायचा?" म्हणाले आणि हसले. हसू काही खरं नव्हतं.

पुढं हळूहळू कळलं. मराठवाड्यातून ते कुरकुंभला कंपनीत कामाला आले होते. रात्रपाळी करून पुण्याला लॉ कॉलेज. परीक्षा आली की सोबतचे एक चाचा त्यांची पाळी ओढायचे, चाची जेवू घालायची. वकिलीचा पहिला काळा कोटही चाचांनीच शिवून दिला. जजची परीक्षा त्यांच्याच घरात अभ्यास करून दिली.

आणि एक दिवस पुकारा झाला तो चाचांच्याच मुलाचा. कंपनीच्या गेटवरच्या मारामारीत त्याचं नाव आलं होतं. चाचा मागच्या बाकावर होते. साहेबांचा चेहरा खर्रकन उतरला.

"माझी यांच्याशी ओळख आहे. हा खटला मला चालवता येणार नाही."

चाचा ताडकन उठले. "न्हाई साहेब! आपली काय बी वळख न्हाई."

"आहे. यांच्या घरचं जेवलोय मी. मॅडम, लिहून घ्या."

बाहेर मी चाचांना पाणी दिलं. "खोटं कशाला बोललात हो?"

"आमच्यापायी त्याच्या नावाला बट्टा नको, बेटी."

खटला शेजारच्या कोर्टात गेला. साहेबांनी निकाल लागेपर्यंत कुरकुंभला चाचांकडे जाणंच टाकलं. भेटले असते तर लोक म्हणाले असते, शेजारच्या साहेबांच्या कानात सांगून ठेवलं. दर तारखेला चाचा आमच्या दारावरून मान खाली घालून जायचे. साहेबांचं डिक्टेशन मध्येच तुटायचं आणि मी पेन धरून बसायचे. दोघंही मेले हट्टी! माझाच जीव तुटायचा.

शेवटी मुलगा निर्दोष सुटला. जेवणाची सुट्टी होती. साहेब स्वतः धावत व्हरांड्यात आले. "चाचा कुठायत?"

मुलगा एकटाच उभा होता. "अब्बा गेले, साहेब. मागल्या तारखेनंतर."

"मला कळवलं नाहीस?"

"अब्बा म्हनले व्हते, निकाल लागस्तोवर साहेबाला वळख दावू नगा."

आज साहेब शहरातल्या मोठ्या फौजदारी कोर्टात जज आहेत. माझ्या डोळ्यांपुढं मात्र ते अजून त्या व्हरांड्यातल्या बाकावर आहेत, सगळ्यांदेखत, त्या पोराचा हात धरून. "चाची आहे ना घरी? कोण कोण असतं आता?" विचारत होते. सुट्टी संपली, शिपायानं पुढचा पुकारा केला. साहेब उठलेच नाहीत.