लोह्यातली जळालेली मोटारसायकल

निवृत्त होऊन दोन वर्षं झाली, पण लोहा तालुक्यातली ती घटना अजून जशीच्या तशी आठवते. मी तिथं पोलीस निरीक्षक होतो. सकाळची हजेरी आटोपून टपाल बघत होतो, तेवढ्यात जवळच्या गावचे एक शिक्षक ठाण्यात आले. आदल्या दुपारी त्यांची मोटारसायकल घरासमोर उभ्या उभ्या जळाली होती. काही महिन्यांपूर्वीच त्यांनी ती लातूरच्या एका दुकानदाराकडून त्याची स्वतःची वापरलेली विकत घेतली होती.

"चुलत भावानंच पेटवली, साहेब. शेतरस्त्यावरून आमचं वाजलंय. बोलणंसुद्धा न्हाई."

गुन्हा नोंदवला, घटनास्थळाचा पंचनामा केला. संध्याकाळी खबऱ्यानं आमच्या हवालदाराच्या कानावर घातलं की, आग लागली तेव्हा तो चुलत भाऊ हातात बाटली घेऊन गाडीपाशी दिसला होता. त्याला बोलावून घेतलं. पन्नाशीचा, उन्हानं रापलेला शेतकरी. उजव्या तळहातावर भाजल्याचे फोड. मनातल्या मनात मी त्याला आरोपी करून टाकलं.

"बाटलीत काय होतं?"

"पाणी."

"पाणी घेऊन त्याच्या गाडीपाशी काय काम होतं तुझं?"

"शेताकडं निघालो होतो. टाकीखालून धूर निघून राहिला होता. पाणी ओतलं, हातातल्या फडक्यानं बडवलं. भडका उडाला तसा मागं सरलो."

"मग ओरडला का नाहीस?"

"ओरडलो असतो तर माणसं जमली असती. अन् गाडीपाशी कोण? मी. तुमी तरी आत्ता काय समजून राहिलात, साहेब?"

खोटं बोलणारा माणूस न विचारलेलंही सांगत सुटतो. हा विचारलं तेवढंच बोलत होता. त्याला नोटीस देऊन घरी सोडलं.

दुसऱ्या दिवशी हवालदार एका जुन्याजाणत्या मिस्त्रीला घेऊन आला. त्यानं गाडी न्याहाळली. "पेट्रोल वरून ओतलं असतं तर सीट आधी गेली असती. मागची सीट तर शाबूत हाय. ही आतून पेटलीय. हँडलखालची वायर बघा, टोकाला तांब्याची गोळी झालीय. शॉर्ट झालंय."

गाडीत आधीपासून काही दोष होता का, हे विचारायला मी स्वतः लातूरला त्या दुकानदाराकडं गेलो. गाडीची चौकशी करताच त्यानं गल्ल्याखालून एक बंद लिफाफा काढला. मी तो फोडला. गाडी बनवणाऱ्या कंपनीचं पत्र होतं. या खेपेत बनलेल्या गाड्यांची हँडलजवळची वायर घासून आग लागू शकते, वायरिंग मोफत बदलून घ्या, तोवर गाडी घरात उभी करू नका.

"गाडी विकली होती, साहेब. म्हणून उघडलंच न्हाई," दुकानदार म्हणाला. त्याचा चेहरा उतरला होता.

तिथूनच त्या कंपनीचं लातूरचं शोरूम गाठलं. त्यांनी विकलेल्या या खेपेतल्या गाड्यांपैकी ही जळालेली आणि आणखी एक सोडून बाकी सगळ्या दुरुस्त झाल्या होत्या. ती दुसरी हस्तांतर होऊन देगलूरला गेली होती. आरटीओला फोन करून पत्ता मिळवला, देगलूर ठाण्याला कळवलं आणि शोरूममध्येच खुर्चीत बसून राहिलो. तासाभरानं तिथल्या अंमलदाराचा फोन आला.

"साहेब, गाडी घराच्या आतच होती, बाजेला लागून. बाजेवर तान्हं लेकरू निजलेलं. मिस्त्रीनं उघडून पाहिली, वायर पार सोलून निघालीय. गाडी बाहेर काढली."

शोरूमच्या बाईंनी न विचारता पाण्याचा ग्लास पुढं केला.

दोघा चुलत भावांना ठाण्यात बोलावून ते पत्र वाचून दाखवलं. शिक्षक खाली मान घालून म्हणाले, "दारात येऊन सांगायचं तरी."

"तू दार उघडलं असतंस?"

शिक्षक उठले आणि त्यांनी भावाचा भाजलेला हात आपल्या हातात घेतला.

गुन्हा गैरसमजातून दाखल झाला, असा 'क' समरी अहवाल कोर्टात पाठवला. तपासाअंती पकडायला कुणीच उरलं नाही, याचं इतकं बरं मला नोकरीत कधी वाटलं नव्हतं. तक्रारदार संशयिताचं नाव घेऊन आला की निम्मा तपास झाला, असं तोवर मी धरून चालायचो. त्यानंतर मात्र कुणी नाव सांगितलं, की मी ते कागदावर लिहून घ्यायचो आणि आधी जळाली-मोडली ती वस्तू बघायला जायचो.